ख्रिस्ती घरातला सिनेमा

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत सिनेमाबद्दल दोन टोकांच्या सवयी दिसतात. एका घरात सिनेमा म्हणजे जगाची गोष्ट, विश्वासी माणसाने त्या वाटेला जाऊच नये, असे वडीलधारे सांगतात. दुसऱ्या घरात रविवारी सकाळी उपासना आणि दुपारी टीव्हीवर जे लागेल ते, आणि या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. वरवर पाहता ही घरे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच घडते: सिनेमा पाहताना विश्वासाचा काही उपयोग होत नाही. पहिल्या घरात सिनेमाला दारातूनच परत पाठवले जाते, दुसऱ्या घरात विश्वास चर्चमध्येच ठेवून यायची पद्धत पडलेली असते.

चालणारे आणि न चालणारे अशी सिनेमांची यादी करून हा प्रश्न सुटत नाही. यादी पुढच्या शुक्रवारी जुनी होते. सिनेमात किती रक्त सांडले, किती शिव्या आल्या, किती गाणी तोकड्या कपड्यांत झाली याची मोजदाद करूनही फारसे हाती लागत नाही. तो सिनेमा पाहणाऱ्याला कशाची ओढ लावतो, हे ओळखणे जास्त उपयोगाचे. अडीच तासांनी माणूस कुणासारखे व्हावेसे वाटून उठतो, कुणाचा तिटकारा घेऊन उठतो, कुणाच्या फजितीवर हसून उठतो. विश्वासाची आणि सिनेमाची खरी गाठ तिथे पडते.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत हा प्रश्न रोजचा आहे. गोदावरीवरच्या धरणाच्या परिसरात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, श्री गुरुगोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी शिक्षणाची तीन मोठी ठिकाणे आहेत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याच्याही आत होते, आणि मराठवाड्यात ते गावोगाव विखुरलेले आहेत. त्यामुळे उदगीरहून, देगलूरहून किंवा जालन्याहून शिकायला आलेला मुलगा वसतिगृहाच्या खोलीत बहुधा एकटाच ख्रिस्ती असतो. घरचे लांब, पाळक लांब, तरुण संघ गावाकडेच राहिलेला. पूर्वी जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजला कोण गेले होते हे दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला ठाऊक असे. आता सिनेमा मोबाइलवर, कानात हेडफोन घालून, रात्री अकरानंतर पाहिला जातो आणि त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. धाकाने चालणारा नियम अशा खोलीत टिकत नाही. पाहणाऱ्याच्या स्वतःच्या हाती काही कसोट्या असतील तर त्याच टिकतात.

जुने नाते

भारतीय सिनेमाच्या जन्मकथेतच येशू ख्रिस्त आहे, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती कुटुंबांत फारशी सांगितली जात नाही. १९१०-११च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे प्रसंग सरकत असताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी पुढे १९१७ साली ‘नवयुग’मध्ये लिहिले. त्या वेडातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या सिनेमात ही सगळी धडपड हसतखेळत येते, आणि मुलांना घेऊन पाहायला तो फार चांगला आहे.

कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिकाही काळाबरोबर सरकत गेली. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी सिनेमावर एक परिपत्रक काढले. त्याचा सूर बहुतेक सावधगिरीचा होता आणि अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वाईट सिनेमांवर घातलेल्या बहिष्काराची त्यात वाखाणणी होती. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपर्कमाध्यमांना देवाच्या साहाय्याने माणसाने लावलेल्या अद्भुत शोधांत जागा दिली. १९९५ साली सिनेमाला शंभर वर्षे झाली तेव्हा व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय सिनेमांची यादीच प्रसिद्ध केली. तिच्यात रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ आहे, म्हणजे एका हिंदू माणसाच्या जीवनावरचा सिनेमा. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा एकच आवाज नसतो. तिथे पाळकागणिक आणि घरागणिक मत बदलते, आणि म्हणूनच पवित्र शास्त्राचा आधार नीट समजून घेण्याची गरज जास्त.

शास्त्रातले तीन प्रसंग

या विषयावर बोलताना हमखास पुढे केले जाते ते फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले वचन. जे सत्य, आदरणीय, शुद्ध आणि प्रशंसनीय आहे त्याचे मनन करावे, असा त्याचा भाव. सिनेमाविरोधाचे हत्यार म्हणून ते वापरले जाते, पण त्यात पहिला शब्द सत्याचा आहे हे विसरले जाते. गोड, सोज्वळ आणि साफ खोटा असा सिनेमा या कसोटीला उतरत नाही. श्रीमंत बंगल्यात राहणारे, कधी कुणाचे देणे न लागणारे, लग्नाच्या गाण्यांतच आयुष्य काढणारे कुटुंब दाखवणाऱ्या सिनेमात आक्षेपार्ह असे एकही दृश्य नसते. तरी तो पाहून उठलेल्या गृहिणीला आपले दोन खोल्यांचे घर आणि आपला नवरा कमी वाटू लागला, तर दहाव्या आज्ञेतला लोभ कुणाच्या लक्षात न येता आत शिरला असे समजावे.

दुसरा प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायातला. पौल अथेन्समध्ये गेला तेव्हा मूर्तींनी भरलेले शहर पाहून त्याचा जीव अस्वस्थ झाला. तरी तो डोळे मिटून बसला नाही. हिंडून त्यांची पूजास्थाने पाहिली, एका वेदीवरचा लेख वाचला आणि अरीयपगात बोलताना त्यांच्याच कवींचे दाखले दिले. अस्वस्थ होणे आणि समजून घेणे ही दोन्ही कामे त्याने एकाच वेळी केली. सिनेमा पाहणाऱ्या ख्रिस्ती माणसाकडून अपेक्षा यापेक्षा वेगळी नाही.

तिसरा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा. दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा दाविदाला एक गोष्ट सांगतो: श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून घेतल्याची. दावीद त्या श्रीमंतावर खवळतो, त्याला शिक्षा फर्मावतो, आणि मग नाथान त्याच्याकडे बोट दाखवतो. दुसऱ्याची बायको बथशेबा हिला आपलीशी केल्याबद्दल दाविदाला कुणी सरळ सुनावले असते तर त्याने कदाचित ऐकलेच नसते. गोष्टीने त्याची सावध बाजू टाळली. चांगला सिनेमा हेच करतो, आणि ज्याला फक्त दुसऱ्याचे पाप पाहायचे आहे तो हे काम होऊ देत नाही.

पडद्यावर काय पाहावे

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’कडे (२०१४ साली प्रदर्शित) जवळून पाहिले तर गोष्ट पाहणाऱ्याकडेच कसे बोट दाखवते हे स्पष्ट होते. जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. गावातली डुकरे धरण्याचे काम त्याच्या कुटुंबाच्या माथी मारलेले. शेवटाकडे सगळे कुटुंब शाळेजवळ डुकरामागे धावते आहे, वर्गातली मुले मजा बघत आहेत, आणि जब्या आपले तोंड लपवायला जागा शोधतो आहे. तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. हातातले काम टाकून हे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुकराला राष्ट्रगीत ठाऊक नसते. पुढे डुक्कर बांबूला बांधून नेले जाते तेव्हा मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. कुणी काही बोलत नाही, कॅमेरा फक्त ती भिंत आणि ती वरात एका चौकटीत ठेवतो. मग सहन न होऊन जब्या दगड उचलतो. तो चिडवणाऱ्याच्या दिशेने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे प्रेक्षकाकडे येतो आणि पडदा काळा होतो. नाथानाने दाविदाकडे दाखवलेले बोट ते हेच.

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती प्रेक्षकाला हा दगड दोन बाजूंनी लागायला हवा. इथल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरून आलेले आहेत, त्यामुळे जब्याची लाज त्यांना कुणी समजावून सांगावी लागत नाही. पण त्याच मंडळीत मुलामुलींची स्थळे पाहताना बाप्तिस्म्याआधीची जात हळूच विचारली जात असेल, तर दगड फेकणाऱ्याच्या जागी बसण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. सिनेमा संपल्यावर घरात हा विषय निघाला तर वेळ सत्कारणी लागला. मंजुळेंच्या भाषेवर किंवा एखाद्या शिवीवर चर्चा घसरली तर तो फुकट गेला.

रक्त मोजण्याची पद्धत किती अपुरी आहे ते ‘सैराट’ (२०१६) आणि ‘अ‍ॅनिमल’ (२०२३) शेजारी ठेवले की कळते. ‘सैराट’च्या शेवटी दोन माणसांचा खून झाला आहे. प्रत्यक्ष मारहाण दाखवलेली नाही. आवाज बंद आहे, एक लहान मूल चालत बाहेर येते आणि त्याची पावले फरशीवर लाल उमटत जातात. पाहणाऱ्याला इथे काहीही चेकाळायला मिळत नाही, फक्त सुन्नपणा मिळतो, आणि नायिका आर्चीच्या माहेरच्यांच्या ‘इज्जती’ची किंमत कुणी मोजली हे कळते. ‘अ‍ॅनिमल’मध्ये माणसे शेकड्याने पडतात आणि प्रत्येक वाराबरोबर संगीत प्रेक्षकाला टाळी मागते. एकाने हिंसा दाखवून तिची किळस आणली, दुसऱ्याने तिची चटक लावली. शास्त्यांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय ज्याने वाचला आहे त्याला पहिली पद्धत अनोळखी वाटणार नाही.

सूडाच्या सिनेमांना उडवून लावणे मात्र सोपे नाही, कारण त्यांच्यात काही खऱ्या भुकाही असतात. नांदेड जिल्ह्याला लागूनच तेलंगण असल्याने तेलुगू नायक इथे परके नाहीत. ‘पुष्पा’तला नायक रक्तचंदनाची तस्करी करतो, पोलिसांना धाब्यावर बसवतो. पण त्याला आतून खाणारी गोष्ट वेगळी आहे: बापाने नाव दिले नाही, आणि भावकी ते लावू देत नाही. ‘केजीएफ’च्या रॉकीला आईने मरताना गरीब राहून मरू नकोस असे सांगितले आहे. अपमान सोसलेल्या घरातल्या मुलाला हे नायक का आवडतात हे समजायला हवे. बापाचे नाव, मान, आईच्या कष्टांचे चीज या इच्छांना ख्रिस्ती विश्वास पाप म्हणत नाही. देव माणसाला लेकरू म्हणतो हा शुभवर्तमानाचा गाभाच आहे. खोट आहे ती उपायात: मान मिळवायचा तर इतरांना वाकवावे लागते, हे या सिनेमांनी गृहीत धरलेले असते. वसतिगृहातल्या तरुणाला ‘असले सिनेमे बघू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘पुष्पाला नेमके काय हवे होते आणि ते त्याला मिळाले का’ असे विचारणे जास्त परिणामकारक ठरते.

काही सिनेमे दाखल्यांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे असतात. ‘नटसम्राट’ (२०१६) पाहून मराठी घरांत भरपूर रडारड झाली आणि ‘मुले कृतघ्न’ असा निकाल लागला. लूकच्या पंधराव्या अध्यायातला बापही जिवंतपणीच मालमत्ता वाटून देतो. तिथे मुलगा घर सोडतो आणि बाप वाटेकडे डोळे लावून बसतो. इथे बापालाच घर सोडावे लागते, आणि त्याच्या मागे धावत कुणी येत नाही. दाखल्यात आणखी एक भाऊ आहे, ज्याने आयुष्यभर नेकीने काम केले आणि ज्याचे मन कोरडे राहिले. ‘नटसम्राट’मधला बाप गणपतराव बेलवलकर यांच्या मुलांवर डोळे पुसत संतापणाऱ्या प्रेक्षकाने आपण दाखल्यातले कोण, हे स्वतःला एकदा विचारून पाहावे. आईबापाचा मान राखण्याची आज्ञा त्यामुळे ढिली पडत नाही. गणपतरावांचा अहंकार मात्र नजरेआड राहत नाही.

पूजा, आरती आणि देवळे

मराठी-हिंदी सिनेमात आरती, नवस, अंगात येणे, देवदर्शन हे सगळे सहज येते, आणि बहुतेक ख्रिस्ती घरांत पहिला प्रश्न याचाच असतो. पौलाने करिंथच्या मंडळीला मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाबद्दल लिहिले आहे (पहिले पत्र, अध्याय ८ आणि १०), त्यातली मांडणी इथे जशीच्या तशी लागू पडते. मूर्तीला स्वतःची काही सत्ता नाही, म्हणून ज्ञानी माणसाला त्या अन्नाने बाधा होत नाही. पण ज्याने कालपर्यंत त्याच मूर्तीपुढे हात जोडले त्याच्या मनाला ते खाऊन ठेच लागत असेल, तर ज्ञानी माणसाने ते सोडावे. पडद्यावर नट आरती करतो तेव्हा पाहणारा आरती करत नसतो. तो एक गोष्ट पाहत असतो. तरी नुकत्याच विश्वासात आलेल्या, किंवा अंगात येण्याचा आणि करणीचा जाच ज्यांनी खरोखर भोगला आहे अशा माणसाला ‘कांतारा’ बळेच दाखवू नये. बाकीच्यांना चालतो म्हणून त्याच्यावर हसूही नये.

भक्तीचा प्रत्येक सिनेमा परका मानण्याचीही गरज नाही. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा मराठीतल्या श्रेष्ठ सिनेमांपैकी एक, आणि मराठी ख्रिस्ती माणसाचे तुकोबांशी नाते आहेच. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्या सिनेमातली आवली, म्हणजे भक्ताच्या भक्तीची झळ रोज सोसणारी, पोरांच्या पोटाची चिंता करणारी बायको, ही कोणत्याही पाळकाच्या घरात ओळखीची वाटेल.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये (२०११) एका साध्या गुराख्याला दत्त दिसतो आणि पाहता पाहता गावात देवळाचा बाजार उभा राहतो. गावाला हवे असलेले इस्पितळ मागे पडते. ख्रिस्ती प्रेक्षकाने हा सिनेमा पाहून ‘बघा यांच्यात काय चालते’ असे म्हणणे ही सर्वांत वाईट प्रतिक्रिया. येशूने मंदिरातले चौरंग उलथले ते परधर्मीयांच्या मंदिरातले नव्हते. चमत्काराच्या सभा, लाउडस्पीकर, मंचावरची पाकिटे आणि पोस्टरवरचे प्रचारकाचे फोटो आठवले की ‘देऊळ’ फार लांबचा वाटत नाही.

सिनेमातला ख्रिस्ती माणूस

हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस ठरावीक साच्याचा असतो. ‘अनाडी’तली (१९५९) तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ मिसेस डीसा, ‘बॉबी’तला (१९७३) गोव्याचा कोळी जॅक ब्रगांझा, ‘अमर अकबर अँथनी’तला (१९७७) देशी दारूचा गुत्ता चालवणारा अँथनी. बाटली, गळ्यातला क्रूस, मोडकी हिंदी आणि सोन्यासारखे काळीज, एवढ्या सामानावर काम भागते. यात द्वेष नाही, उलट लळाच आहे. मिसेस डीसा ललिता पवारांनी अशी उभी केली आहे की ती साच्यातून बाहेर येते. अँथनी येशूला भागीदार मानून कमाईतला वाटा काढतो यावर हसायला हरकत नाही, आणि हसून झाल्यावर आपला दशमांशाचा हिशेबही तसाच आहे का हे पाहायलाही.

अडचण वेगळी आहे. नऊवारी नेसणारी, अभंगाच्या चालीवर भजन म्हणणारी, ‘ज्ञानोदय’ वाचणारी मराठी ख्रिस्ती बाई या साच्यात कुठेच नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना किंवा नांदेडचे ख्रिस्ती मूल पडद्यावर स्वतःला पाहू शकत नाही, आणि त्याच्या वर्गमित्रांना वाटते की ख्रिस्ती म्हणजे गोवा नाहीतर वांद्रे. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावर विजया मेहता यांनी केलेला ‘स्मृतिचित्रे’ हा सन्मान्य अपवाद आहे, आणि प्रत्येक मराठी ख्रिस्ती घराने तो मिळवून पाहावा. नवऱ्याने धर्म बदलल्यावर बायकोचे काय होते, हे त्यात कुणाचीही बाजू न घेता येते.

ख्रिस्ती पात्र किंवा संस्था वाईट प्रकाशात आली की लगेच दुखावले जाण्याचीही घाई नको. आधी इतिहास पाहावा. ‘आनंदी गोपाळ’ (२०१९) ज्यांच्यावर आहे त्या आनंदीबाई जोशींच्या आयुष्यात मिशनरींचा प्रसंग खराच आहे. गोपाळरावांनी मदतीसाठी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. हे पूर्वी कोल्हापुरात काम केलेले मिशनरी. धर्मांतर केले तर मदत, असा त्यांचा कल होता, आणि जोशी दांपत्याला ते मान्य झाले नाही. पण तो पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापून आला म्हणूनच न्यू जर्सीच्या श्रीमती कार्पेंटर यांनी तो वाचला, आणि कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना आपल्या घरी ठेवून घेतले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. अट घालणारा ख्रिस्ती होता आणि अट न घालणारी बाईही ख्रिस्तीच होती. घरात या दोघांवर बोलणे झाले तर मुलांना मदतीचा अर्थ चांगला कळेल.

‘द दा विंची कोड’सारखा सिनेमा श्रद्धेच्या मुळावरच बोलतो. २००६ साली भारतात तो ‘ए’ प्रमाणपत्रासह आणि ही कथा काल्पनिक असल्याच्या सूचनेसह प्रदर्शित झाला, काही राज्यांनी बंदीही घातली. अशा वेळी तरुणांच्या प्रश्नांना उत्तर देण्याइतकी तयारी मंडळीत असणे, म्हणजे चार शुभवर्तमाने केव्हा लिहिली गेली आणि कशी स्वीकारली गेली एवढे तरी कुणाला नीट सांगता येणे, हे मोर्चापेक्षा कठीण आणि जास्त गरजेचे काम आहे.

येशूच्या जीवनावरचे सिनेमे पाहतानाही शास्त्र हाताशी हवे. तेलुगूतला ‘करुणामयुडू’ (१९७८) हिंदीत ‘दयासागर’ नावाने गावोगाव दाखवला गेला, आणि त्यातला विजयचंदर यांचा येशू भारतीय चेहऱ्याचा आहे ही त्याची मोठी जमेची बाजू. १९७९चा ‘जीझस’ लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला आणि मराठीसह कितीतरी भाषांत उतरवलेला आहे. मेल गिब्सन यांच्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’मध्ये (२००४) शास्त्राबाहेरचेही प्रसंग आहेत. त्यांतले काही जर्मन संन्यासिनी अ‍ॅना कॅथरिना एमेरिक यांच्या दर्शनांवर बेतलेले आहेत. ‘द चोझन’ या मालिकेत तर शिष्यांची घरे, भांडणे, स्वभाव लेखकांनी रचले आहेत. पाहिल्यावर तो अध्याय उघडून काय शास्त्रातले आणि काय पदरचे हे शोधण्याचा खेळ संडे स्कूलच्या मुलांना भलताच आवडतो.

घरात आणि मंडळीत

निवड करताना पहिली मदत प्रमाणपत्राची. १९५२च्या चलचित्र अधिनियमात २०२३ साली दुरुस्ती झाल्यापासून ‘यूए’ या वर्गात ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे आहेत. ‘ए’ सिनेमाला अठराखालच्यांना प्रवेशबंदी आहे, पण ‘यूए’ ही पालकांसाठी सूचना आहे, आणि तिचा उपयोग पालकांनी वाचली तरच होतो. ओटीटीवर २०२१च्या नियमांनुसार वयाचे वर्ग लिहिलेले असतात आणि पालकांसाठी कुलूपही असते. ते लावायला दहा मिनिटे लागतात. प्रमाणपत्र फक्त वय सांगते, सिनेमा काय शिकवतो ते सांगत नाही. म्हणून लहान मुलांना पहिल्यांदा दाखवायचा सिनेमा मोठ्यांपैकी एकाने आधी पाहिलेला असावा.

मुलांशी बोलताना प्रवचन टाळावे. सिनेमा संपताच ‘यातून काय शिकलास’ विचारले की मूल बरोबर उत्तर देते आणि विषय संपतो. ‘तुला कुणाची दया आली?’, ‘कुणाला माफी मिळाली नाही?’, ‘तिच्या जागी तू काय केले असतेस?’ अशा प्रश्नांना जेवणाच्या ताटावर जास्त वेळ मिळतो. लैंगिक दृश्ये अचानक आली की रिमोट शोधण्याची धांदल प्रत्येक घरात होते. दृश्य पुढे ढकलावे, पण विषय ढकलून देऊ नये. किशोरवयीन मुलगा ते दृश्य नंतर एकटा पाहणारच असेल, तर शरीर हे देवाने घडवलेले आहे आणि बाजारात मांडण्याची वस्तू नाही, हे त्याला आईवडिलांकडून ऐकायला मिळालेले बरे. स्वतःची कमजोरी ज्याला माहीत आहे त्या मोठ्या माणसानेही काही सिनेमे सरळ सोडून द्यावेत. त्यासाठी दुसऱ्या कुणाला दोषी ठरवण्याची गरज नाही.

वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी एकटे पाहण्यापेक्षा दोघातिघांनी मिळून पाहणे केव्हाही चांगले, मग ते मित्र ख्रिस्ती असोत वा नसोत. ‘सैराट’वर बोलता बोलता क्षमा, पाप, मरण हे विषय आपोआप निघतात, आणि तिथे पत्रके वाटण्यापेक्षा मोकळेपणी बोलता येते. परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खी वेबसिरीज संपवणाऱ्याची अडचण आशयाची नसून वेळेची आहे, हेही ओळखावे.

टेलिग्रामवरून उतरवलेला नवा सिनेमा हा वसतिगृहात आणि घरातही सर्रास चालतो, आणि त्यावर मंडळीत कधी कुणी बोलत नाही. चोरी न करण्याची आज्ञा कॅथलिक मोजणीत सातवी आणि बहुतेक प्रॉटेस्टंटांच्या मोजणीत आठवी आहे. याबाबतीत दोघांचीही पंचाईत सारखीच. २०२३च्या दुरुस्तीनुसार सिनेमाचे चोरून चित्रीकरण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. सिनेमात एकही वाईट दृश्य नसले तरी तो चोरून पाहिला तर पाहणे शुद्ध राहत नाही.

मंडळीत तरुण संघाने किंवा महिला मंडळाने सिनेमा दाखवायचा झाल्यास हक्कदाराची परवानगी लागते. घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात प्रोजेक्टर लावणे नियमात बसत नाही. ख्रिस्ती संस्थांनी प्रचारासाठी काढलेले काही सिनेमे याला अपवाद असतात, तेव्हा अटी वाचून घ्याव्यात. वर्षाला दोन-तीनच सिनेमे ठेवावेत, आणि सगळे ‘धार्मिक’ नकोत. निवड करणाऱ्याने सिनेमा आधी पूर्ण पाहावा, वयाची मर्यादा सूचनाफलकावर लिहावी, अडीच तासांच्या सिनेमानंतर किमान अर्धा तास बोलण्यासाठी राखून ठेवावा. पाळकांनी शेवटी बोलावे, सुरुवातीला नाही. ते आधी बोलले की मागच्या बाकावरची मुले गप्प बसतात. आजीआजोबांना आवाज नीट ऐकू येतो का ते पाहावे, आणि चर्चा मराठीतच ठेवावी.